सहा तारा आणि एक स्टूल

“हेमू, तू आपला खालीच राहा. वरचे सूर टाळ्या घेतात, घेऊ देत. खालचा सूर कुणाच्या ध्यानात नसतो. पण तो थांबला ना रे, की आख्खा मांडव मान वळवून बघतो!”

हा आवाज लालबागच्या अण्णांचा, पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा. अण्णांच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवणाऱ्याला ऐन गणपतीत गालगुंड झालं आणि गिरगावातल्या हेमचंद्र तळपदे नावाच्या, नुकतंच मिसरूड फुटलेल्या पोराच्या गळ्यात दहा दिवसांपुरतं ते वाद्य पडलं. अकराव्या दिवशी ते गळ्यातून उतरलं, पण अण्णांचा आवाज कानातून काही उतरला नाही. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, डोक्यावरचे केस ज्या बेताने गेले त्याच बेताने वर्षंही गेली, आणि वाद्य म्हणून शर्टाच्या खिशात मावेल एवढा माउथ ऑर्गन तेवढा उरला.

मुक्ताबाई बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर रोज संध्याकाळी पाचला तळपदे झोपाळ्यावर बसत. समोर नलू, म्हणजे सौभाग्यवती, मटार सोलत नाहीतर तांदूळ निवडत बसे, आणि तळपदे तिच्या आईची ओवी वाजवत.

शिवडीच्या बंदराला उभं गलबत,
सांगा माझ्या बंधवाला, बहीण वाट बघत.
दिवा लाविते मी दारी, वारा घालितो फुंकर,
येईल गं, येईल तो, ओटी भरून साखर.

ओवी संपली की नलू म्हणे, “वा.” एवढंच. चाळीस वर्षांत त्या ‘वा’ने कधी जागा सोडली नव्हती. तळपदेंच्या सगळ्या संसाराचा तो पूर्णविराम होता.

गेली दोन वर्षं मात्र या ‘वा’चं काहीतरी बिघडलं होतं. तो भलत्याच ठिकाणी पडू लागला. ओवी निम्म्यात असताना तळपदे श्वास घ्यायला थांबले की “वा!” मिशी पुसायला थांबले की “वा!” एकदा त्यांनी माउथ ऑर्गन झटकून आतली थुंकी काढली, तर तेवढ्यालाही दाद मिळाली. उलट, शेवटची ओळ काळीज पिळून काढावी आणि बाजा तसाच ओठांशी धरून तिच्याकडे बघावं, तर ही आपली टकमक बघत बसलेली, जणू अजून काही यायचं बाकी आहे.

पस्तीस वर्षं सरकारी कचेरीत हेडक्लार्की केलेल्या माणसाला दोन आणि दोन मांडता येतात. तळपदेंनी मांडले. आपल्या वाजवण्यात आता काही राहिलेलं नाही, आणि बायको सभ्य असल्यामुळे कार्यक्रम लवकर आटोपता घेतेय. वरिष्ठांनी शेरे मारले ते त्यांनी सोसले होते, बढती हुकली तेही सोसलं; पण घरच्या ‘वा’ची अशी काटछाट? नलू तशी अलीकडे विचित्रच वागत होती म्हणा. दारावरची बेल वाजली तरी उठत नसे, म्हणून तळपदेंनी दोन वर्षांत तीन बेला बदलल्या. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या सोडून घड्याळ लावून भात शिजवी. विचारलं तर म्हणे, “शिट्टीवर माझा विश्वास नाही.” पण ‘वा’ची गोष्ट वेगळी. तो परत जागेवर आणायचाच, असा तळपदेंनी निश्चय केला, आणि निश्चय केला की ते आरशात बघून भांग पाडत. उरलेल्या केसांचा.

भांग पाडून ते दादरला वाद्यांच्या दुकानात गेले. तिथे भिंतीवर ते टांगलेलं होतं. कडेने तांबूस, मधोमध मधासारखं पिवळं. घरातल्या जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओला मान फुटावी आणि मानेवर सहा तारा ताणाव्यात, तसलं रूप.

“गिटार का रे हे?” त्यांनी काउंटरवरच्या विहंग नावाच्या पोराला विचारलं.

“नाय अंकल, बेस आहे. सिक्स स्ट्रिंग. लूक व्हिंटेज, पण माल नवा. स्वस्त आहे म्हणून घेऊ नका हां, साउंडसाठी घ्या.”

“बेसला चार तारा असतात. मी वाजवलाय.”

“म्हणून तर कधीचा पडून आहे! बेसवाले बोलतात दोन जास्त, गिटारवाले बोलतात सगळ्याच जाड्या.”

अंगाने भरीव, वागायला शांत, पण नक्की कुठल्या खात्यात बसवायचं ते कुणालाच न कळलेलं, अशा त्या वाद्याविषयी तळपदेंना एकदम जिव्हाळा वाटला. निवृत्त माणसाला वाटतोच. विहंगने ते दुकानातल्या स्पीकरला जोडून वाजवून दाखवलं, आणि तळपदेंच्या ध्यानात आलं: चार तारांवर नुसती सोबत होते, वर आणखी दोन मिळाल्या की खर्जात आख्खी ओवी म्हणता येते. अण्णांचा खालचा सूर आणि नलूच्या आईचं गाणं, दोन्ही एकाच मानेवर! त्यांनी ते वाद्य उशीच्या अभ्र्यासारख्या पिशवीत घालून घरी आणलं.

मुक्ताबाई बिल्डिंगमध्ये एखादी वस्तू जिन्याने वर जाते, तेव्हा तिच्याआधी तिच्याबद्दलचं मत वर पोचलेलं असतं. बरोबर तळपदेंच्या खाली, पहिल्या मजल्यावर राधाबाई राहत. त्या दारातच उभ्या होत्या.

“तळपदेनू, ह्यां काय हाडलात?”

“बेस आहे, राधाबाई. वाद्य.”

“मगे वाजवा बघूया.”

वाजवलं. वाद्य विजेचं; स्पीकरला जोडल्याशिवाय त्यातून पाल चुकचुकल्याएवढाच आवाज यायचा. राधाबाईंनी पदर तोंडाला लावला. “अरे देवा! ह्यां तर मुक्यां आसा!”

बिल्डिंगचा सेक्रेटरी यशोधन मोबाइल हातात घेऊनच आला. “काका, मी आत्ता चेक केलं. बेसला चारच तारा असतात. तुम्हाला सहा लावून दिल्या म्हणजे गंडवलंय. परत करा. बिल आहे ना?”

“चार तारांवर सोबत होते, यशोधन. मला गाणं करायचंय.”

“गाणं करायला आवाज नको का, काका?”

सगळा जिना हसला. तळपदे शांतपणे वर गेले. आवाजाचं काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं, निदान त्यांची तशी खात्री होती. आणि तळपदेंची खात्री ही माहितीपेक्षा नेहमीच दोन पावलं पुढे चालायची. दुसऱ्या दिवशी ते लालबागला मनूकडे गेले. मनू म्हणजे तिथल्या एका बेंजो पार्टीचा मालक. लग्नाच्या वराती आणि गणपतीच्या मिरवणुका हा त्याचा धंदा.

“छोटासा स्पीकर हवा. घरात वाजवायला.”

“छोटा एवढाच आहे, बघा.” मनूने गुडघ्याएवढी लाकडी पेटी पुढे ओढली. “बेंजोच्या खाली भरीव आवाजाला लावायचो. दिसायला गरीब आहे साहेब, पण विसर्जनाला ह्याने दोन्ही बाजूच्या काचा वाजवल्यात. घरात लावताय तर बटण एकवर ठेवा. एकच्या पुढं जायचं नाय.”

आता, बटणावर एक ते दहा आकडे असताना एकच्या पुढे जायचं नाही, हे पस्तीस वर्षं हेडक्लार्क असलेल्या माणसाला कसं पटावं? कुठलाही प्रस्ताव आला की अगदी मंजूर नाही, अगदी नामंजूर नाही, असा मध्यावर ठेवायचा, ही त्यांची हयातभराची पद्धत. त्यांनी बटण पाचावर ठेवलं.

भर दुपारी, सगळा जिना झोपलेला असताना पेटी घरात आली, तेव्हा नलूने तिला एकदा खालून वर बघितलं, कपाटातून क्रोशाचं पांढरं झाकण काढलं, पेटीवर घातलं आणि ती वर बसली.

“अगं, तो स्पीकर आहे!”

“हो,” नलू म्हणाली, आणि मटाराचं ताट मांडीवर घेतलं.

तळपदेंनी झोपाळ्यावर पाय वर घेऊन मांडी घातली, डोळे मिटले आणि शिवडीच्या बंदराला गलबत उभं केलं. काय तो आवाज! खोल, सावकाश, ओहोटीला चिखलात रुतलेली होडी भरतीच्या पहिल्या पाण्याने अलगद उचलली जावी तसा. त्यांच्या कानाला तो मवाळ वाटला, बेताचा वाटला. ओवी संपली. त्यांनी हळूच डोळे उघडले.

नलूने काही म्हटलं नाही. हातात मटाराची शेंग तशीच धरून ती समोरच्या भिंतीकडे बघत होती.

म्हणजे चुकीच्या जागी का होईना, ‘वा’ पडायचा, तोही गेला! बरं, ऐकायचं नसेल तर आत जाऊन बसावं. तर तेही नाही. पाच वाजले की ही ताट घेऊन त्या पेटीवर ठाण मांडायची. घरात तीन खुर्च्या, एक दिवाण. पण नवऱ्याच्या कलेवर बसूनच मटार सोलायचे! तळपदे मनातल्या मनात फार दुखावले. तरी वाजवत राहिले. हट्टाने, रोज, पाच ते साडेसहा.

त्याच आठवड्यात मुक्ताबाई बिल्डिंग थरथरू लागली.

राधाबाईंच्या फळीवरचे स्टीलचे डबे आपसांत बोलू लागले. तिसऱ्या मजल्यावर दातांची कवळी पेल्यातल्या पाण्यात गोल फिरताना दिसली. कुणी म्हणे जमिनीतून घूंऽ येतं, कुणी म्हणे भिंतीतून. गाण्यासारखं कुणालाच ऐकू येत नव्हतं. कारण काय हे मात्र कुणाला विचारावं लागलं नाही. नुकतीच गिरगावच्या पोटातून भुयारी गाडी धावायला लागली होती. तळपदेंचं वाद्य मुकं, हे जाहीर होतंच; आणि स्पीकर म्हणून त्यांच्या घरी काही आहे हे कुणाला कळायला, त्यावर क्रोशाचं झाकण आणि झाकणावर नलू.

यशोधन वर आला. “काका, भुयारी गाडीच्या कचेरीला तुमच्या हातचा अर्ज पाहिजे. कडक.”

तळपदेंना स्वतःला थरथर कधी जाणवली नव्हती, कारण ती होताना ते झोपाळ्यावर, जमिनीपासून दोन फूट अधांतरी असत. पण शेजाऱ्यांच्या शब्दावर त्यांचा विश्वास होता आणि आपल्या लेखणीवर तर त्याहून. त्यांनी चष्मा पुसला आणि तीन पानं लिहिली. शेवटचा परिच्छेद त्यांनी जिन्यावर उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवला:

“सबब, सदर कंपनांचे उगमस्थान तात्काळ शोधून काढून, ते कोणाच्याही मालकीचे असो व मालक कितीही प्रतिष्ठित असो, कोणतीही दयामाया न दाखविता कायमचे हटविण्यात यावे.”

“वा!” आख्खा जिना म्हणाला.

‘वा’ म्हणजे असा, जागच्या जागी. तळपदेंनी दाराकडे बघितलं. नलू आत होती.

अर्जाला उत्तर आलं की कंपनांचा फोटो जोडावा. यशोधनने राधाबाईंच्या डब्यांचा फोटो काढून पाठवला. उत्तर आलं, फोटो हलला आहे, स्पष्ट फोटो पाठवावा. तळपदेंनी ताबडतोब दुसरा अर्ज खरडला, की फोटो स्पष्ट असता तर तक्रारच नव्हती. हलणाऱ्या डब्याचा न हललेला फोटो काढण्याची सोय कार्यालयाकडे असल्यास कार्यालयाने येऊन तो काढावा. हा टोला बसला. पुढच्या मंगळवारी देविका नावाची एक इंजिनीअर मुलगी, डोक्याला हेल्मेट आणि हातात कंपनं मोजायचं यंत्र घेऊन राधाबाईंच्या घरी हजर झाली.

पावणेपाचला सगळे तिथे जमले. अर्जाचे कर्ते म्हणून तळपदेंना मधली खुर्ची मिळाली. देविकाने यंत्र जमिनीवर ठेवलं. पाच वाजले. सव्वापाच. खालून गाडी गेली, देविकाने मोबाइलवर वेळ बघून सांगितलं. दुसरी गेली, पाचवी गेली, नववी गेली. यंत्राचा आकडा गाढ झोपलेल्या बाळासारखा पडून होता. डबे गप्प.

“रोज होतं हो,” यशोधन घाम पुसत म्हणाला.

“आजच मेल्यांका काय झालां?” राधाबाई डब्यांवर डाफरल्या.

“आजोबा,” देविका तळपदेंना म्हणाली, “अर्ज फार छान होता. पण कंपनं नाहीयेत.”

आजोबा! आणि वर कंपनं नाहीत! तळपदे उठून वर आले. नलू पेटीवर बसली होती. मांडीवर ताट, ताटात सगळे मटार शेंगांतच. दोन तासांत एकही सोललेला नव्हता. “आज उशीर?” तिने विचारलं. तळपदेंचं लक्ष नव्हतं. “उद्या ती मुलगी पुन्हा येणार आहे,” ते गरजले, “पण मी खाली पाऊल टाकणार नाही! मी अर्ज लिहिणारा आहे, साक्षीदार नव्हे!”

“हो,” नलू त्यांच्या ओठांकडे बघत म्हणाली.

बुधवारी पाचला तळपदे झोपाळ्यावर बसले. अपमानाने हाताला धार आली होती. गलबत असं उभं राहिलं, की शिवडीची खाडी घरात यावी. खाली काय चाललंय याची त्यांना गंधवार्ता नव्हती.

खाली यंत्राने उडी मारली होती. देविकाने मोबाइल बघितला. आत्ता गाडी नव्हती. तिने यंत्र भिंतीला लावलं, आकडा वाढला. जिन्याला लावलं, आणखी वाढला. डॉक्टरने नळी लावत पाठीवरून वर सरकावं तशी ती एकेक पायरी चढू लागली, मागे यशोधन, मागे राधाबाई, मागे सगळी बिल्डिंग, श्वास रोखून, भुताच्या मागावर निघाल्यासारखी. दुसरा मजला. तळपदेंचं दार. दार उघडंच होतं.

आत तळपदे डोळे मिटून, झोपाळ्यावर तरंगत, तिसरी ओळ वाजवत होते: दिवा लाविते मी दारी. देविका सरळ आत गेली आणि तिने यंत्र पेटीच्या बाजूला टेकवलं. आकडा यंत्रात मावेना.

“सापडलं,” ती म्हणाली.

तळपदेंनी डोळे उघडले. दारात चाळीस माणसं. हात थांबला. सूर थांबला. आणि त्या सगळ्यांकडे पाठ करून बसलेल्या नलूने, जिला चाळीस माणसं दारात जमलेली कळली नव्हती, झटकन मान वळवून बघितलं.

“काका,” यशोधन म्हणाला. “म्हणजे... भुयारी गाडी नाही. तुम्ही!”

“माझ्या कानाला तर मवाळ वाटत होतं,” तळपदे पुटपुटले.

“खोलीच्या मध्ये बसलं की खालचा आवाज कमी लागतो, आजोबा,” देविका म्हणाली. “शिवाय तुमचे पाय जमिनीला नाहीत. ह्याचे सगळे धक्के लाकडी जमिनीतून खाली जातात.”

राधाबाई कमरेवर हात ठेवून पुढे आल्या. “महिनोभर माझे डबे नाचवल्यात, आणि वर अर्ज पण तुमीच लिवलात?” यशोधनने खिशातून अर्जाची प्रत काढली. वाचायची त्याची छाती होत नव्हती, पण सेक्रेटरी होता. “ते कोणाच्याही मालकीचे असो व मालक कितीही प्रतिष्ठित असो...” पुढचं न वाचता त्याने कागद खाली घेतला.

“पूर्ण वाच,” तळपदे म्हणाले. ते झोपाळ्यावरून उतरले. पहिल्यांदाच पाय जमिनीला लागले होते, आणि तरी ते ताठ उभे होते. “कोणतीही दयामाया न दाखविता कायमचे. खाली सही माझी आहे. तळपदे आपल्या सहीला जागतो.”

“अहो, एवढं नको,” देविका घाईने म्हणाली. “खाली रबराचा जाड तुकडा घाला आणि आवाज एकवर आणा. संपलं.”

“कायमचे म्हणजे कायमचे, बाळ. मी पस्तीस वर्षांत लिहिलेला शब्द खोडलेला नाही.” त्यांनी बेस भिंतीला टेकवला. हात क्षणभर त्या पिवळ्या अंगावर राहिला. “तसंही, ज्याच्यासाठी आणला होता ते काही झालं नाही. यशोधन, ने ती पेटी. नलू, ऊठ.”

नलू उठली नाही.

“नलू, ऊठ. ह्यांना स्पीकर न्यायचाय.”

नलूने मटाराचं ताट जमिनीवर ठेवलं. दोन्ही तळहात क्रोशाच्या झाकणावर टेकवले. लोकलमध्ये चढणाऱ्यांना जागा द्यायची नसली की मुलं बसतात, तशी ती घट्ट बसली. यशोधन दोन पावलं पुढे आला होता, तो तिथेच थांबला.

“मला ऐकू येत नाही,” नलू म्हणाली.

“म्हणून तर मोठ्याने सांगतोय, ऊठ!”

“तसं नाही. मला ऐकूच येत नाही. दोन वर्षं होतील.” आवाज जरा मोठा लागला होता, ते तिच्या लक्षात आलं नाही. “बेल येत नाही, शिट्टी येत नाही. तुमचा बाजा तर आधी गेला. सांगितलं असतं, तर तुम्ही वाजवायचं सोडलं असतं. म्हणून बघत बसायचे. तुम्ही तोंडावरून हात खाली घेतलात, की वा म्हणायचे.”

तळपदेंचा हात मिशीपाशी गेला आणि तिथेच राहिला.

“आणि आता... आता तेही म्हणत नाहीस,” ते म्हणाले. मग, ती ओठ वाचतेय हे कळून, समोर जाऊन, सावकाश पुन्हा म्हणाले.

“आता सवड कुठे असते वा म्हणायला?” नलू म्हणाली. “आता ऐकते ना मी. कानाने नव्हे. इथून.” तिने पेटीवर थाप मारली. “सगळं येतं. गलबत येतं, वारा येतो, आईचा आवाज येतो. एवढ्या दिवसांनी यायला लागलं आणि तुम्ही म्हणता ऊठ!”

राधाबाईंनी नाक ओढलं. मग त्या उंबऱ्यावरच फतकल मारून बसल्या, आणि यशोधनच्या हातातला अर्ज काढून घेऊन त्यांनी तो पदराखाली घातला. देविकाने वाकून स्पीकरचं बटण चाचपलं आणि ते एकवर आणून ठेवलं.

“कमी केलंस?” नलूने तिला विचारलं. देविकाने मान डोलावली. “चालेल. मी जवळच आहे.”

तळपदे अजून उभेच होते. नलूने त्यांच्याकडे बघितलं, झोपाळ्याकडे बोट दाखवलं आणि ताट पुन्हा मांडीवर घेतलं.

“बसा. तिसऱ्या ओळीवर सोडलंत मघाशी. दिवा हातात देऊन त्या बाईला वाऱ्यात उभी केलीय तुम्ही. पुढचं वाजवा.”